मॅशचं तापमान स्थिर कसं ठेवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॅश म्हणजे बीअरसाठी भरडलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुधा जव) गरम पाण्यात भिजवून केलेलं मिश्रण. इथली सगळी तापमानं अंश सेल्सिअसमध्ये आहेत. वेगळं काही सांगितलं नसेल तिथे हिशेब ४ किलो भरडलेलं माल्ट आणि १२ लिटर पाणी असा धरला आहे. ऋतू, पाणी आणि उकळबिंदू नाशिकचे.

तापमान एवढं जपायचं कशासाठी?

माल्टमधल्या स्टार्चची साखर करण्याचं काम मुख्यतः दोन एन्झाइम करतात. बीटा अमायलेज ६० ते ६५ च्या पट्ट्यात जोरात चालतं आणि यीस्टला सहज पचणारी माल्टोज तयार करतं. त्याच्या वर ते झपाट्याने निकामी होऊ लागतं, ७० ला तर थोड्याच वेळात संपतं. अल्फा अमायलेज ६८ ते ७२ ला जोमात असतं. ते स्टार्चच्या लांब साखळ्या मधेच कुठेही तोडतं, त्यामुळे यीस्टला न पचणाऱ्या साखळ्याही मागे उरतात. म्हणून ६३–६५ ला केलेल्या मॅशची बीअर हलकी आणि कोरडी होते, तर ६८–६९ ला केलेल्याची अंगाने जड आणि किंचित गोडसर. मधला ६६–६७ बहुतेक रेसिपींना चालतो.

गोम अशी की निकामी झालेलं एन्झाइम पुन्हा कामाला लागत नाही. दहा मिनिटं ७२ ला राहिलेला मॅश नंतर ६५ वर आणला, तरी गेलेलं बीटा परत येत नाही. उलट मॅश ६३ वर घसरला तर काम फक्त मंदावतं. म्हणून चूक व्हायचीच असेल तर ती खालच्या बाजूला होऊ द्यावी.

किती चढउतार चालतो?

एक अंश वर-खाली झाल्याने कुणाला चवीत फरक कळणार नाही. तासाभरात २ अंश उतरला तरी बिघडत नाही, कारण आजकालच्या माल्टमध्ये एन्झाइम भरपूर असतात आणि बरंचसं रूपांतर पहिल्या २०–३० मिनिटांतच होतं. त्यामुळे कष्ट पहिल्या दहा मिनिटांवर घ्या. तिथे तापमान बरोबर बसलं आणि भांडं नीट गुंडाळलेलं असलं, की पुढे फारसं काही करावं लागत नाही. दर दोन मिनिटांनी झाकण उघडून बघणारे लोक मॅश गार करण्याचंच काम करत असतात.

घरी हे करणं कायद्यात बसतं का?

मॅश करणं म्हणजे मद्य करणं नव्हे. मॅशमधून निघणारा गोड रस, म्हणजे वर्ट, याच्यात अल्कोहोल नसतं. यीस्ट टाकून तो आंबवला की ती मद्यनिर्मिती होते. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार ती परवान्याशिवाय करणं गुन्हा आहे, आणि ‘फक्त घरापुरती करतो’ ही सबब चालत नाही. परवान्याचं काम राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे असतं. या पानावरची माहिती वर्टपर्यंतच आहे. पुढचं पाऊल परवाना हातात आल्यावर किंवा परवाना असलेल्या जागीच टाकावं.

सुरुवातीचं पाणी किती गरम घ्यायचं?

माल्ट गार असतं. ते पाण्यातली उष्णता खातं आणि मिश्रण त्या मानाने उतरतं. हिशेब असा: एक किलो माल्टमागे किती लिटर पाणी आहे त्या आकड्याने ०.४१ ला भागा. आलेल्या उत्तराला, हवं असलेलं तापमान वजा माल्टचं तापमान, या फरकाने गुणा आणि त्यात हवं असलेलं तापमान मिळवा.

किलोला ३ लिटर पाणी आणि ६६ चा मॅश धरला तर नाशिकमध्ये वर्षभरात फरक किती पडतो ते बघा. जानेवारीत सकाळी घरातलं माल्ट १४ ला असेल तर पाणी ७३ हवं. एरवी माल्ट २५ ला असताना ७१.५ पुरतं. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत पोतं ३८ ला तापलेलं असेल तर ७० च्या जरा खालीच थांबावं लागतं. म्हणजे उन्हाळ्यात जमलेला आकडा थंडीत तसाच वापरला, तर मॅश जवळजवळ ३ अंश कमी भरतो. म्हणून खोलीचं तापमान गृहीत धरू नका. पोत्यात थर्मामीटर खुपसून माल्टचंच मोजा.

सगळं पाणी एकदम घेऊन पिशवीत मॅश करणार असाल, म्हणजे किलोला साधारण ६ लिटर, तर उतार निम्म्यावर येतो. माल्ट २५ ला असेल तर ६९ चं पाणी पुरतं.

हिशेबाने पाणी घेतलं तरी मॅश १–२ अंश कमीच भरतो. का?

कारण भांडंही उष्णता खातं आणि सूत्रात भांड्याचा विचार नाही. तीन किलो वजनाचं गार स्टीलचं पातेलं या मापाच्या मॅशचा साधारण १ अंश घेतं, जाड प्लास्टिकचा कॅम्पर त्याहून जास्त. यावर दोन उपाय आहेत. पाणी ज्या भांड्यात तापवलं त्यातच माल्ट टाकायचं, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही. किंवा मॅशच्या भांड्यात आधी ३–४ लिटर कढत पाणी घालून, झाकण लावून, १५ मिनिटं ठेवायचं आणि मग ते ओतून द्यायचं.

दुसरं कारण म्हणजे ओतण्याचा वेग. पातळ धारेने, उंचावरून ओतलेलं पाणी वाटेतच एखादा अंश घालवतं. पाणी आधी भांड्यात घ्या, दीड-दोन अंश जास्तच ठेवा, झाकण लावा आणि बरोबर आकड्यावर उतरलं की मगच माल्ट सोडा. वाट बघून उतरवणं सोपं असतं.

माल्ट एका दमात ओतू नका. एकाने हळूहळू सोडायचं आणि दुसऱ्याने लांब लाकडी उलथन्याने तळापासून हलवायचं. गुठळी राहिली की तिच्या आत कोरडं पीठ तसंच राहतं. ते भिजत नाही आणि त्याची साखरही होत नाही. दोन मिनिटांनी एखादी गुठळी काठावर दाबून फोडून बघा, आत पांढरं दिसलं तर अजून हलवायला हवं.

थर्मामीटर कोणता घ्यावा आणि तपासायचा कसा?

निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ इथेच सापडतं. मॅश बरोबर असतो, थर्मामीटर खोटं बोलत असतो.

प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात मिळणारा ० ते ११० अंशांचा काचेचा थर्मामीटर संदर्भासाठी ठेवा. लाल द्रवाचा चालतो; पाऱ्याचा असला तर तो मॅशमध्ये कधीही बुडवू नका. फुटला तर सगळी खेप फेकावी लागेल. रोजच्या वापराला सुईचा डिजिटल थर्मामीटर सोयीचा.

तपासताना चेचलेल्या बर्फात थोडं पाणी घालून दाट लगदा करा, त्यात ० दिसायला हवं. मग उकळत्या पाण्यात. इथे बऱ्याच जणांची फसगत होते. नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे, त्यामुळे पाणी १०० ला नाही, साधारण ९८ ला उकळतं. ९८ दाखवणारा थर्मामीटर बरोबर आहे. त्याला ‘सुधारून’ १०० वर नेलंत तर मॅश कायम २ अंश थंड राहील. तिसरी तपासणी सगळ्यात कामाची: ६५ च्या आसपासच्या पाण्यात काचेचा आणि डिजिटल शेजारी शेजारी धरा, एक मिनिट थांबा आणि जो फरक येईल तो पट्टीवर लिहून थर्मामीटरलाच चिकटवा.

एकाच भांड्यात वर ६८ आणि खाली ६३ दाखवतो. खरं कोणतं?

दोन्ही. घट्ट मॅशमध्ये उष्णता फार हळू फिरते, कडेचा भाग गार होतो आणि मधला गरम राहतो. गॅसवर असेल तर तळ सगळ्यात तापलेला. आधी मॅश खालून वर नीट हलवा, अर्धा मिनिट थांबा, मग मध्यभागी निम्म्या खोलीवर मोजा. दर वेळी त्याच जागी मोजा. हलवल्यानंतरही ठिकठिकाणी २ अंशांहून जास्त फरक असेल तर मॅश फार घट्ट आहे. किलोमागे अडीच लिटरच्या खाली जाऊ नका.

कॅम्पर बरा की स्टीलचं पातेलं?

पाण्याचा २० लिटरचा इन्सुलेटेड कॅम्पर तापमान छान धरतो, तासाला १–२ अंशच उतरतो. पण घेताना आतलं प्लास्टिक गरम पदार्थांसाठी आहे का ते बघा. फक्त गार पाण्यासाठी केलेले कॅम्पर ७० च्या पाण्याने आतून फुगतात आणि वास सोडतात. झाकण बहुधा पोकळ असतं आणि उष्णता तिथूनच पळते, म्हणून मॅशच्या पृष्ठभागावर अॅल्युमिनिअम फॉइल पसरून मग झाकण लावा. कॅम्परची खरी अडचण वेगळीच आहे. चुकलं तर खालून आच देता येत नाही, पाणी घालूनच सुधारावं लागतं.

पातेल्याचं बरोबर उलट. आच देता येते, पण तापमान धरत नाही. जानेवारीत उघड्यावर ठेवलेलं १५ लिटरचं पातेलं तासाभरात ८–१० अंश सहज घालवतं. ६६ च्या मॅशला १२ अंशांच्या हवेत जो तोटा होतो तो ३८ च्या हवेतल्या तोट्याच्या जवळजवळ दुप्पट असतो, म्हणून मे महिन्यातल्या अनुभवावर विसंबू नये. पातेल्याखाली लाकडी पाट, भोवती योगा मॅटचे दोन वेढे, वर झाकण आणि झाकणावर जाड गोधडी, एवढ्याने तोटा २–३ अंशांवर येतो. गोधडी फक्त गॅस बंद करून, पातेलं शेगडीवरून उतरवल्यावर. हे वेगळं सांगायला लागू नये, पण लागतं.

खर्च करायचाच असेल तर तो आधी या गुंडाळण्यावर करा. तापमान आपोआप राखणारा कंट्रोलर नंतर.

काहीही विकत घेण्याआधी माल्टशिवाय, नुसत्या पाण्याची चाचणी करा: भांड्यात १५ लिटर पाणी ६६ ला भरा, झाका आणि तासाने मोजा. तो उतार म्हणजे तुमच्या भांड्याचा स्वभाव.

तांब्याचं भांडं वापरू का? भांडी बाजारात छान मिळतात.

तांबं उष्णता पटकन आणि सारखी पसरवतं, त्यामुळे तळाला करपत नाही. तितक्याच पटकन ते गारही होतं, म्हणून गुंडाळणं सुटत नाही. मॅश किंचित आंबट असतो, तेव्हा हिरवट डाग असलेलं भांडं आधी चिंच-मिठाने लख्ख घासून घ्या. आमच्या मते तांब्याचा पैसा भांड्यापेक्षा वेटोळं केलेल्या नळीवर घालावा. वर्ट गार करायलाही तीच कामी येते.

गॅसवर मॅश धरताना तापमान उडी का मारतं?

तळ आणि शेगडीचं लोखंड यांच्यात साठलेली उष्णता गॅस बंद केल्यावरही वर येत राहते. म्हणून हव्या तापमानाच्या १ अंश आधी गॅस बंद करा आणि पुढची दोन मिनिटं हलवत राहा. आच मंदच हवी. मोठ्या आचेवर मधला थर्मामीटर ६४ दाखवतो तेव्हा तळाचा थर ८० च्या पुढे गेलेला असतो आणि तिथली एन्झाइम संपलेली असतात.

कापडी पिशवीत मॅश करत असाल तर पिशवी तळाला टेकता कामा नये, नाहीतर भोक पडतं. मोदकपात्रातली चाळणी तळाला उलटी घातली की काम होतं.

तापमान कमी भरलं किंवा जास्त झालं. आता?

कमी भरलं असेल तर उकळतं पाणी घाला. माल्टच्या किलोंना ०.४१ ने गुणून त्यात मॅशमधलं पाणी मिळवा. आमच्या मापात हे १३.६ येतं. त्याला जितके अंश चढवायचेत त्याने गुणा आणि ९८ वजा हवं असलेलं तापमान, याने भागा. ६३ वरून ६६ वर न्यायला १.३ लिटर लागतं. एकदम नको. एक लिटर घाला, हलवा, मोजा, मग उरलेलं.

जास्त झालं असेल तर घाई करा, कारण इथे प्रत्येक मिनिटाला एन्झाइम जातंय. ७० वरून ६७ ला आणायला २५ अंशांचं साधं पाणी सुमारे १ लिटर पुरतं. पाणी वाढवायचं नसेल तर बर्फाचे खडे घट्ट बंद पिशवीत भरून मॅशमध्ये फिरवा आणि अर्धा अंश वर असतानाच काढून घ्या. दर वेळी शेजारी एक तांब्या गार पाणी आणि एका शेगडीवर दोन लिटर उकळतं पाणी तयार असावं.

आंघोळीच्या पाण्याचा इमर्शन रॉड मॅशमध्ये घातला तर?

नको. घट्ट मॅशमध्ये रॉडभोवतीचा थर हलत नाही, तिथे पीठ करपतं आणि करपलेला वास पुढे शेवटपर्यंत राहतो. शिवाय मुलामा खाण्याच्या पदार्थासाठी केलेला नसतो, आणि चालू रॉड असताना स्टीलच्या भांड्यात हात घालणं जिवावर बेतू शकतं. नुसतं पाणी तापवायलाही वापरायचा असेल तर अर्थिंग तपासलेलं आणि लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की लाइन तोडणारा स्विच) हवा.

पीआयडी कंट्रोलर (सेन्सर वाचून आच आपोआप कमी-जास्त करणारा) लावायचा आहे. काय काय लागतं?

पंपाने वर्ट खालून काढून, तापवून, वर सोडायचा अशी रचना असेल तरच कंट्रोलरचा फायदा. नुसत्या स्थिर मॅशला लावला तर तो सेन्सरजवळचं तापमान जपतो, मॅशचं नाही.

लागणारं सामान: एसएसआर (एलिमेंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आउटपुट असलेला पीआयडी, पीटी१०० सेन्सर तीन तारांचा, ४० अँपिअरचा एसएसआर आणि त्याला अॅल्युमिनिअमची हीटसिंक, १५०० ते २००० वॅटचं स्टेनलेस स्टीलचं एलिमेंट, गरम द्रवाला चालणारा फूड ग्रेड पंप आणि सिलिकॉनची नळी. २००० वॅट म्हणजे २३० व्होल्टला ८.७ अँपिअर, तेव्हा १६ अँपिअरचाच सॉकेट हवा. एलिमेंट ज्या स्टीलच्या नळीत बसतं तिला जोडणीचा सॉकेट वेल्ड करून घ्यायचा असेल तर सातपूर-अंबडच्या छोट्या वर्कशॉपमध्ये काम होतं. वेल्डिंग टिगचं आणि आतून घासून घेतलेलं हवं, असं स्पष्ट सांगा. खडबडीत सांध्यात माल अडकतो.

स्वस्त कंट्रोलरसोबत बहुधा के टाइप थर्मोकपल येतं. ते चालतं, पण त्याची तार साध्या तांब्याच्या वायरने वाढवली की वाचन चुकतं. सेन्सर बदलला की मेनूमध्ये त्याचा प्रकारही बदला. पीटी१०० लावून सेटिंग के टाइपचं ठेवलं तर आकडा भलताच येतो आणि दोष उगाच सेन्सरला जातो.

सेन्सर कुठे बसवायचा यावर सगळं अवलंबून आहे. तो एलिमेंटमधून वर्ट बाहेर पडतो तिथेच हवा, कारण सगळ्यात गरम जागा ती. मॅशच्या मध्यात बसवला तर मॅश ६६ होईपर्यंत कंट्रोलर एलिमेंट पेटवत राहतो आणि नळीतून जाणारा वर्ट ७५ च्या पुढे जाऊन आपली एन्झाइम गमावतो. सुरुवातीची १५–२० मिनिटं मॅश बाहेरच्या आकड्यापेक्षा २ अंश मागे राहील, त्याला घाबरून सेटिंग वाढवू नका.

कंट्रोलर असूनही तापमान ३ अंश वर जातं.

एलिमेंट मॅशच्या मानाने फार मोठं असतं. २००० वॅटने हा मॅश अर्ध्या मिनिटात १ अंश चढतो. मॅश नुसता धरून ठेवायला, गुंडाळलेल्या भांड्यात, १००–२०० वॅट पुरतात. ऑटोट्यून, म्हणजे कंट्रोलरने चाचणी घेऊन स्वतःची सेटिंग बसवणं, केलेलं नसेल तर कंट्रोलरला हा फरक कळत नाही. ऑटोट्यून पंप चालू ठेवून, नेहमीच्या मापाचं पाणी भरून, ६५ च्या आसपास करा. रिकाम्या किंवा स्थिर भांड्यावर केलेलं निरुपयोगी. एसएसआरचा सायकल टाइम २ सेकंद ठेवा. तरीही आकडा चढतच राहिला आणि कंट्रोलरचा दिवा बंद असताना एलिमेंट गरम असेल, तर एसएसआर जळून ‘चालू’ स्थितीत अडकला आहे. म्हणून एलिमेंटच्या लाइनवर हाताने बंद करायचा वेगळा स्विच असलाच पाहिजे.

मधेच लाइट गेली तर?

आधी एलिमेंटचा स्विच बंद करा, मग भांडं झाका. गुंडाळलेला मॅश अर्धा तास एक-दीड अंशाहून जास्त उतरत नाही. खरा धोका लाइट परत येते तेव्हाचा असतो: एलिमेंट लगेच पेटतं, पंपात हवा अडकलेली असते, प्रवाह नसतो आणि नळीतला वर्ट करपतो. आधी पंप, वर्ट परत येताना दिसला की मग एलिमेंट. प्रवाह नसला की एलिमेंट बंद ठेवणारा फ्लो स्विच लावला तर ही काळजी मिटते.

तांदूळ, ज्वारी, पोहे घालता येतात का?

तांदूळ आणि ज्वारीचा स्टार्च ७० किंवा त्याच्याही वर फुलतो, म्हणजे ६६ च्या मॅशमध्ये तो तसाच कच्चा राहतो. आधी मऊ शिजवून घ्या आणि मिसळताना त्याचं तापमान हिशेबात धरा. ९० अंशांची दोन किलो पेज मॅश चांगलाच वर नेते. जाड पोहे मात्र आधीच फुललेले असतात. ते माल्टसोबत थेट टाका, वेगळं काही करावं लागत नाही. एकूण धान्याच्या पाचव्या भागापर्यंत ठीक. जास्त घातले तर चोथा चिकट होऊन नळ तुंबतो.

साखर झाली हे कसं ओळखायचं?

पांढऱ्या बशीत चमचाभर वर्ट गार करा, त्यात औषधाच्या दुकानातल्या टिंक्चर आयोडीनचा एक थेंब. काळा-निळा रंग आला तर स्टार्च बाकी आहे, पिवळट-तपकिरी राहिला तर काम झालं. कोंडा बशीत येऊ देऊ नका, तो नेहमीच काळा पडतो. तपासलेला नमुना परत मॅशमध्ये ओतायचा नाही.

शेवटी ७६ वर नेणं गरजेचं आहे का?

वर्ट लगेच उकळणार असाल तर नाही. उरलेली साखर काढायला चोथा गरम पाण्याने धुणार असाल तर रस पातळ होऊन सहज निथळतो, एवढा फायदा. पण ६६ वरून ७६ ला जायला उकळतं पाणी ६ लिटरहून जास्त लागतं. २० लिटरच्या कॅम्परमध्ये ते मावत नाही. त्याच्याऐवजी धुण्याचं पाणी ७७–७८ चं घ्या. ८० च्या वर गेलात तर कोंड्याचा तुरटपणा उतरण्याची शक्यता वाढते.

तापमान तासभर बरोबर होतं, तरी साखर कमी का?

मग दोष तापमानाचा नाही. भरड बघा. अख्खे दाणे दिसत असतील तर माल्ट भरडायच्या चक्कीतली फट १.०–१.२ मिलिमीटरवर आणा. पिठाच्या गिरणीत दळलेल्या माल्टचा कोंडा चुरा होतो आणि साध्या भांड्यात निथळत नाही, पिशवीत मात्र थोडं बारीक चालून जातं. दुसरं पाणी: बोअरचं पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी, त्यात फिकट माल्टच्या मॅशचा पीएच ५.२ ते ५.६ मध्ये येत नाही. नळाचं पाणी घ्या किंवा फूड ग्रेड लॅक्टिक अॅसिड थेंबाथेंबाने घालून पट्टीने तपासा. तिसरं, वर्टमधली साखर मोजणारा हायड्रोमीटर बहुतेक २० अंशांसाठी आखलेला असतो. ६० च्या वर्टमध्ये बुडवला तर तो साखर बरीच कमी दाखवतो. नमुना गार करूनच वाचा.